शंभर जागांत आपल्या किती? नंदुरबारच्या डॉक्टरकीचा थोडा इतिहास

 पोस्ट मोठी आहे. आता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण घरात कोणी अकरावी-बारावी सायन्सला असेल तर वाचाच.

नीटचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या. शहादा-नंदुरबारच्या चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात आणि माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. "सर, एवढ्या मार्कांवर एसटीतून लागेल का?" "दादा, व्हॅलिडिटी अजून आली नाही, काय करू?" मग साधारण वर्षभराने, बहुतेक रात्री उशिरा, तिसरा मेसेज येतो. "सर, ॲनाटॉमी राहिली. घरी अजून सांगितलं नाही." पहिल्या दोन प्रश्नांवर गावभर चर्चा होते. तिसरा प्रश्न पोरगं एकटंच घेऊन बसतं.

हे तिन्ही प्रश्न एकाच इतिहासातून आलेले आहेत. तो इतिहास आपल्याला कोणी शाळेत शिकवला नाही, म्हणून आज लिहितोय.

वाट किती लांब होती

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, आठ जणांची. त्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे असलेले आत्माराम पांडुरंग होते, आणि बाकीच्यांत ख्रिस्ती व पारशी विद्यार्थीही होते. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, आणि सातपुड्यातल्या भिल्लांशी सरकारचा संबंध पोलीस, जंगल आणि महसूल एवढाच. दवाखान्याशी नव्हता, शाळेशी तर नव्हताच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती भाषेतून वैद्यकीय वर्ग सुरू झाले. हॉस्पिटल असिस्टंट तयार करायला. १८७८ साली पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल निघालं, तेही याच धाटणीचं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या राज्यात शरीरशास्त्र मराठीतून शिकवलं जात होतं. पण मराठीतून शिकलेला तो 'असिस्टंट' आणि इंग्रजीतून शिकलेला तो 'डॉक्टर', अशी पायरी तेव्हाच पडली. ती अजून पुसलेली नाही.

पुढे १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालं आणि एलसीपीएस डॉक्टर तयार होऊ लागले. जुन्या लोकांना तालुक्याच्या गावातली ती पाटी आठवत असेल: 'अमुक तमुक, एलसीपीएस'. कमी वर्षांची, कमी खर्चाची वाट होती ती. १९४६ साली भोर समितीने सांगितलं की देशात एकाच दर्जाचा पायाभूत डॉक्टर असावा. हेतू चांगला होता. गावाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न बरोबरच होता. पण लहान वाट हळूहळू बंद झाली आणि मोठी वाट गावापर्यंत आली नाही. त्याच वर्षी पुण्याचं स्कूल कॉलेज झालं.

मग राज्यात कॉलेजं वाढत गेली. नागपूर १९४७, औरंगाबाद १९५६, मिरज १९६२, सोलापूर १९६३. सत्तरच्या दशकात अंबाजोगाई. १९८३-८४ पासून वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी वेगळं दार उघडलं. या सगळ्या यादीत खानदेश कुठे आहे? धुळ्याला सरकारी कॉलेज आलं १९८९ साली. ग्रँट मेडिकलनंतर तब्बल १४४ वर्षांनी. नवापूरच्या पेशंटला सूरत जवळ, तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज १९६४ पासून चालू. पण पेशंटने राज्याची हद्द ओलांडली तर चालतं, विद्यार्थ्याला चालत नाही. गुजरातच्या कोट्यात नवापूरचं पोरगं बसत नाही.

१ जुलै १९९८ ला आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. वैद्यकीय कॉलेज यायला आणखी बावीस वर्षं गेली. चंद्रपूर २०१५, गोंदिया २०१६, जळगाव २०१८, आणि २०२०-२१ मध्ये नंदुरबार. शंभर जागा.

जागा कशी मिळायची

मी बारावी झालो १९९६ ला. तेव्हा सीईटी नव्हती, नीट नव्हती. बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क, त्यावर यादी. आमच्या आश्रमशाळेतून दहावी पास झालेले एका हाताच्या बोटावर मोजण्यासारखे, त्यातून सायन्सला गेलेला मी एकटा. शहाद्याला वसतिगृहात राहून अकरावी-बारावी केली. दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' शिकलो होतो, अकरावीला त्याचं 'फोटोसिंथेसिस' झालं. दोन्ही एकच आहेत हे कळायला मला दिवाळी लागली. आता हसू येतं, पण हाच घाट आजही प्रत्येक आश्रमशाळेच्या पोराला चढावा लागतो. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, कॉलेजात इंग्रजी. चार भाषा येतात म्हणून कौतुक कोणी करत नाही. चौथी कच्ची आहे म्हणून मार्क मात्र कापतात.

१९९९ पासून राज्याची सीईटी आली. बोर्डाच्या मार्कांची जागा एका पेपरने घेतली आणि त्याबरोबर क्लास आले. लातूर पॅटर्नचं नाव तोवर झालेलंच होतं. मग नीट. २०१३ ला एकदा झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. २०१७ पासून नीट सगळ्यांना बंधनकारक झाली, मराठीतूनही देता येऊ लागली. ऐकायला छान वाटतं. पण राज्यात अकरावी-बारावी सायन्स शिकवलं जातं इंग्रजीतून, पुस्तकं इंग्रजी, टेस्ट सिरीज इंग्रजी. मग पेपर मराठीतून देणार कोण? दहावीपर्यंत मराठी, दोन वर्षं इंग्रजी, आणि परीक्षेच्या दिवशी पुन्हा मराठी, असा उलटसुलट प्रवास कोणी करत नाही.

अजून एक गंमत बघा. आपल्या राज्यात बरीच वर्षं ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभर. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण कुठे? उर्वरित महाराष्ट्रात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक यांच्याबरोबर. म्हणजे धडगावच्या पोराला 'विभागीय न्याय' मिळायचा तो दादर-डेक्कनच्या पोराशी स्पर्धा करून. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. मराठवाड्यात जल्लोष झाला. आपल्याकडे कोणाला पत्ताही नव्हता, कारण त्या सूत्रात आपल्याला वेगळं असं काही मिळतच नव्हतं.

कागद

आता व्हॅलिडिटी. हा शब्द आपल्या घराघरात माहीत आहे, पण तो आला कुठून हे थोड्यांना माहीत असेल.

आदिवासींच्या राखीव जागांवर खोट्या दाखल्यांनी प्रवेश होत होते. त्यावर वर्षानुवर्षं ओरड होती. ज्या दोन निकालांनी सगळी पद्धत घडवली, ते दोन्ही निकाल निघाले मेडिकलच्या प्रवेशावरून.

पहिला, २ सप्टेंबर १९९४ चा. दोन बहिणींच्या प्रवेशाचं प्रकरण. दावा महादेव कोळी या अनुसूचित जमातीचा. कुटुंबाच्या जुन्या नोंदीत मात्र 'हिंदू कोळी'. सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि पंधरा कलमी पद्धत घालून दिली. पडताळणी समिती, दक्षता पथक, घरी जाऊन चौकशी, जमातीच्या चालीरीती माहीत आहेत का याची विचारपूस. आज समितीसमोर आपल्या पोरांना "तुमचा देव कोणता, लग्नात काय करतात" असं विचारतात ना, त्याचं मूळ इथे आहे. राज्याने मग स्वतंत्र कायदा केला, २००१ चा अधिनियम क्रमांक २३.

दुसरा निकाल २८ नोव्हेंबर २००० चा, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा. विदर्भातला विद्यार्थी, १९८५-८६ साली हलबा जमातीच्या दाखल्यावर एमबीबीएसला लागलेला. समाज हलबा-कोष्टी. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत जो शब्द आहे तोच, त्याला कोणी शेपूट जोडू शकत नाही, राज्य सरकारही नाही आणि न्यायालयही नाही. हलबा-कोष्टी हे हलबा नाहीत. सरकार जिंकलं. पण प्रवेश होऊन पंधरा वर्षं झाली होती. शिक्षण पूर्ण झालेलं, सरकारचा खर्च झालेला, आता पदवी काढून घेतली तर ती जागा दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, म्हणून पदवी राहू दिली. यापुढे जमातीचा कोणताही लाभ नाही, एवढंच.

कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. मी त्या एका जागेबद्दल विचार करतो. १९८५ साली यादीत एक नंबर खाली राहिलेलं कोणीतरी होतं. गडचिरोलीचं असेल, मेळघाटचं असेल, आपल्या अक्कलकुव्याचंही असू शकेल. त्याला कधी कळलंही नसेल की आपण डॉक्टर होता होता राहिलो. न्यायालयात त्याचं नाव नव्हतं, वकील नव्हता. २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने भूमिका कडक केली की खोट्या दाखल्यावर मिळालेला लाभ कितीही वर्षं झाली तरी राखता येणार नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या न आलेल्या पोराची कोणीतरी दखल घेतली.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खोट्यांना अडवायला जे जाळं विणलं, त्यात खरेच जास्त अडकतात. अनुसूचित जमातीसाठी पुरावा मागतात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक. ज्याचा आजोबा शाळेत गेला होता त्याच्याकडे कागद आहे. ज्याचा आजोबा अक्राणीच्या डोंगरात कुठल्या वनगावात राहायचा, तिथे शाळाच नव्हती. मेवासी संस्थानांच्या मुलखात जन्माची नोंद कोण करणार? म्हणजे जितका माणूस जास्त आदिवासी, तितका त्याच्याकडे कागद कमी. आणि प्रवेशाच्या फेरीला तारीख असते, ती कोणासाठी थांबत नाही.

पहिलं वर्ष

जागा मिळाली की गावात वाजंत्री वाजते. मग पोरगं जातं आणि फोन कमी होत जातात.

आमच्या वेळी फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षांचं होतं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. १९९७ च्या नियमांनी ते एका वर्षावर आणलं. म्हणजे अभ्यास जवळपास तोच आणि वेळ तीन भागांतले दोन. ज्याची इंग्रजी पक्की त्याला सहा महिने वाचले. ज्याला आधी पुस्तकाचं वाक्य कळायला डिक्शनरी लागते, त्याचे नेमके तेच सहा महिने गेले. या एका बदलाचा आश्रमशाळेच्या मुलांवर काय परिणाम झाला, यावर कधी चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही.

मी लागलो एका सरकारी कॉलेजात. नाव इथे महत्त्वाचं नाही, त्या काळात सगळीकडे थोडंफार असंच होतं. पहिल्या आठवड्यात सिनियर्सनी शिकवलं की मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. ते सगळ्यांनाच होतं. आम्हा चार-पाच जणांना वेगळा प्रश्न असायचा: "बारावीला किती?" आकडा सांगितला की हशा. मग तोच आकडा आमचं नाव व्हायचा. एका सरांनी व्हायवाला विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सीट सरकारने दिली, पास कोण करणार?" उत्तर येत होतं, ब्रेकियल प्लेक्सस मी दोन रात्री काढून काढून पाठ केला होता. तोंडातून शब्द निघाला नाही.

डिसेक्शन हॉलची गोष्ट वेगळी. फॉर्मालिनने डोळे चुरचुरायचे, ते सगळ्यांचेच. पण आमच्याकडे मयतीला जाऊन आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाही, आणि इथे रोज सकाळी त्याच टेबलावर. दुपारी मेसमध्ये भाकरीचा घास हातात घेतला की तो वास. पहिले पंधरा दिवस मी चमच्याने जेवलो. पुढे वाचनात आलं की १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी पहिलं शवविच्छेदन केलं तेव्हा जातीच्या बंधनामुळे केवढी खळबळ झाली होती. तोफा सुटल्या असंही सांगतात. म्हणजे हा घाट वैद्य घराण्यातल्या पंडितालाही चढावा लागला होता. त्याच्यासाठी इतिहासात जागा झाली, आमचं आम्हीच निभावलं.

आणि टेबलावरचा तो माणूस कोण असायचा? १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह वैद्यकीय कॉलेजांना द्यायची सोय केली. बेवारस म्हणजे फूटपाथवरचा, स्टेशनवरचा, कामासाठी घर सोडून गेलेला. आपल्या डोंगरातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला जातात. मी त्या हाताकडे बघायचो. तळहाताला घट्टे होते. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मी मनातल्या मनात त्याला जोहार करायचो आणि मग स्काल्पेल घ्यायचो. आता नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना मृतदेहाचा सन्मान राखण्याची शपथ देतात. चांगलं केलं.

मी तगलो कशामुळे, असं पोरं विचारतात. दोन गोष्टी सांगतो.

एक, बायोकेमिस्ट्रीचा एक तास. हिमोग्लोबिन चालू होतं. मॅडमनी सांगितलं, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. सांधे दुखतात, पोट दुखतं, प्लीहा वाढते, अंगात रक्त टिकत नाही. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग यांनी दाखवलं की हा रेणूचा आजार आहे. मॅडम पुढे म्हणाल्या, "आपल्याकडे आदिवासी भागात आढळतो." आख्खा वर्ग लिहून घेत होता. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या चुलत्याची पोरगी आली. पावसाळ्यात हातपाय धरून रडायची, बडव्याकडे नेलं की दोन दिवस बरं वाटायचं. दहाव्या वर्षी गेली. त्या दिवशी पहिल्यांदा त्या पुस्तकात मला माझं गाव सापडलं. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान निघालं ते २०२३ ला. पण त्या एका तासानंतर मी बायोकेमिस्ट्रीत कधी मागे पडलो नाही.

दुसरी गोष्ट, दोन वर्षं पुढचा एक सिनियर, आपल्याच बाजूचा, कोकणी समाजाचा. त्याने त्याचा बोन सेट दिला, बी. डी. चौरसियाचे तीन भाग दिले आणि एक वाक्य दिलं: "इंग्रजी चुकू दे, पण बोल." रोज रात्री हाड हातात घेऊन मी त्याला आधी पावरीत समजावून सांगायचो, मग मराठीत, मग इंग्रजीत. त्याला पावरी अर्धीच कळायची, तरी ऐकायचा. होळीला काठीची राजवाडी होळी आठवून मी बॅग भरली होती. चार दिवसांवर टर्म एंड. त्यानेच बॅग उघडून कपडे परत टांगले. मी दीड वर्षात पास झालो. आमच्यातला एक जण मधेच घरी गेला आणि परत आला नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता. त्याच्याजवळ सिनियर नव्हता, एवढाच फरक.

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ ला झाला, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २००९ मध्ये देशभर नियम कडक झाले. तरी मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आपल्या खानदेशची लेक, जळगावची डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप, प्रकरण न्यायालयात गेलं. ती तर एमबीबीएस होऊन पुढे गेलेली होती. म्हणजे पहिलं वर्ष निघालं की सुटलो, असंही नाही.

आता हिशोब

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात आदिवासी ६९ टक्क्यांहून जास्त. आता जिल्ह्याचं स्वतःचं कॉलेज आहे, जागा शंभर. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात गेल्या. उरल्या ८५. राज्यात अनुसूचित जमातीचं आरक्षण ७ टक्के. ८५ चे ७ टक्के म्हणजे सहा. अखिल भारतीय पंधरांपैकी साडेसात टक्क्यांनी एखादी धरा. शंभरातल्या सात.

आणि या सातही नंदुरबारच्या नाहीत. राज्यभरातल्या एसटी गुणवत्ता यादीतून भरायच्या. त्यात नंदुरबारचं एकही पोरगं नसेल तरी नियम मोडत नाही. राज्याच्या प्रमाणात बघितलं तर सूत्र समजतं, पण ६९ टक्क्यांच्या जिल्ह्यात ते कसं दिसतं हे सांगितलं पाहिजे.

कोणी म्हणेल, कॉलेज शिकण्यासाठी असतं आणि दवाखाना सगळ्यांसाठी. खरं आहे. कॉलेजमुळे डॉक्टर आले, हे मी नाकारत नाही. पण कॉलेज आल्यानंतरच्या सप्टेंबरात, २०२१ ला, चांदसैली घाटात दरड कोसळली होती आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याच्या खांद्यावरच तिने जीव सोडला. ती बातमी राज्यभर गेली. नंदुरबारला तज्ज्ञ बसवून घाटापलीकडचं प्रश्नपत्रक सुटत नाही. घाटापलीकडे राहायला जो तयार होईल, पेशंटचं बोलणं ज्याला दुभाष्याशिवाय कळेल, असा डॉक्टर लागतो. तो कुठून येणार? बहुतेक घाटापलीकडूनच.

इथे कोणीतरी हमखास डॉ. राजेंद्र भारूड यांचं नाव घेतं. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव, जन्माआधीच वडील गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढवलं, केईएमला एमबीबीएस, मग आयएएस, आणि कोविडच्या काळात आपलेच जिल्हाधिकारी. अभिमान आहेच, त्यांचं पुस्तक मी अनेक पोरांना दिलंय. पण "भारूड साहेब झाले ना, मग तुम्हाला काय अडचण" हे वाक्य मला चालत नाही. एक जण कडा चढून गेला म्हणून रस्ता करायची गरज संपत नाही.

मग करायचं काय

सरकारकडे मागायचं ते मागूच. ज्या जिल्ह्यांत आदिवासी बहुसंख्य आहेत तिथल्या कॉलेजात स्थानिक आदिवासी मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवता येतील का, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारलाच पाहिजे. कायद्याने ते सोपं नाही, पण विचारल्याशिवाय उत्तर येत नाही. पण काही कामं आपल्या हातातली आहेत.

पहिलं, व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच करा. कॉलेजमार्फत करता येतो. बारावीच्या निकालाची वाट बघू नका. भावकीत कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल, काका, आत्या, चुलतभाऊ, तर त्याची प्रत जोडा, रक्ताच्या नात्यातल्या व्हॅलिडिटीला फार वजन असतं. आजोबांचं नाव प्रत्येक कागदावर एकसारखं आहे का ते आजच बघा.

दुसरं, जागा मिळाल्यावरचे महिने. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आहे, त्यात भाषा आणि संगणक शिकवायची तरतूद आहे. पोरं तो टाइमपास समजतात. नका समजू, तो आपल्यासाठीच आहे. आणि नियम पक्का ध्यानात ठेवा: फर्स्ट इयर पास व्हायला आता जास्तीत जास्त चार प्रयत्न. ॲनाटॉमी एकदा राहिली तर आभाळ कोसळत नाही, पण लपवून ठेवली तर दुसराही प्रयत्न तसाच जातो.

भाषेचं मी वर मुद्दाम लिहिलं होतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, खेतियाच्या पलीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये याच तीन विषयांची हिंदी पुस्तकं काढली. डॉक्टरकी पूर्ण मराठीतून व्हावी का यावर वाद घालत बसू नये असं मला वाटतं, कारण १८६१ ची ती पायरी मला परत नको आहे. पोराला इंग्रजी यायलाच हवी. पण पहिले सहा महिने समजावून सांगणारा माणूस त्याच्या भाषेत बोलला तर बिघडलं काय?

तो माणूस आपण आहोत. जिल्ह्यातून एमबीबीएस झालेले आपण आता बऱ्यापैकी आहोत, नंदुरबार, धुळे, नाशिक, सूरत, मुंबई. प्रत्येकाने फर्स्ट इयरचं एक पोरगं धरायचं. पैसे लागत नाहीत. आठवड्याला एक फोन, एक हाड, एक चॅप्टर. पोरी असतील तर आपल्या डॉक्टर बहिणींनी पुढे यावं, हॉस्टेलमधल्या गोष्टी त्या तुमच्याजवळच बोलतील.

तुम्ही डॉक्टर असाल आणि तयार असाल तर खाली कॉमेंटमध्ये फक्त तालुका आणि बोलता ती भाषा लिहा: पावरी, भिलोरी, मावची, कोकणी, अहिराणी, जी असेल ती. पोरांनो, तुम्हाला कॉमेंटमध्ये लिहायला लाज वाटत असेल तर इनबॉक्स करा. मार्क विचारणार नाही. कोणता विषय जड जातोय तेवढं सांगा.